बसलं की उठावंसं वाटेल असा वरांडा

सासूबाई आणि सूनबाई यांचं बोलणं बंद होतं, भांडण मात्र चालू होतं. मध्ये मुलगा होता, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, आणि तो बिचारा सकाळ-संध्याकाळ इकडचे निरोप तिकडे पोचवायचा. मित्रांनी त्याचं नावच 'टपाल' पाडलं होतं. "तुझ्या बायकोला सांग, दूध वर येतंय," असं सासूबाई म्हणायच्या तेव्हा सूनबाई त्याच ओट्यापाशी हातभर अंतरावर भाजी चिरत असायची. टपाल हातातला पेपर ठेवून उठेपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं. मग ते पुसायचं कोणी, यावर आणखी दोन निरोप व्हायचे.

अबोल्याला कारणही तसंच घडलं होतं. सूनबाई मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेली, आखडलेली, अर्धं अंग लुळं पडलेली माणसं तिच्याकडे यायची आणि ती त्यांना पुन्हा चालतं करायची. तिथल्या वरिष्ठांच्या कटकटीला ती विटली होती. एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, की घरीच पेशंट बघावेत म्हणते. सासूबाईंनी पुढचा घास तोंडात घालायच्या आत निकाल दिला. "लंगड्या-पांगळ्यांची जत्रा माझ्या घरात भरायची नाही. हातपाय ओढायचे ते तिकडेच ओढ." सूनबाई भरल्या ताटावरून उठली आणि त्यानंतर सासूबाईंशी एक अक्षर बोलली नाही. सासूबाईंनाही काही घाई नव्हती. घर त्यांच्या नावावर होतं.

त्यामुळे टपालाने एक दिवस, "आई, घरापुढे वरांडा बांधायचं ठरवतोय, तुलाही मोकळ्यावर बसायला होईल," असं म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी कान टवकारले.

बसायला त्यांना जागा नव्हती असं थोडंच होतं! घरातली सगळ्यात चांगली खोली त्यांचीच होती. पुढची, रस्त्यावर मोठी खिडकी असलेली. त्या खोलीला शेजारच्या बोळात उघडणारं एक दारही होतं, पण त्याच्यापुढे त्यांनी कपाट लावून ठेवलं होतं. नवरा गेल्यापासून खिडकीपाशी बसून रस्त्यावर नजर ठेवणं हा त्यांचा उद्योग होता. कोण कुणाबरोबर गेलं, कुणाची पिशवी रिकामी आली, सगळं त्यांना ठाऊक असायचं. ती खोली गेली तर आपण संपलो, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं तेच झालं होतं. मुलाने गॅलरीला काचा लावून घेतल्या, "हवेशीर आहे" म्हणून तिची खाट तिथे टाकली, आणि चार चपलांचे जोड नि रद्दीचा गठ्ठा यांच्या सोबतीने ती तिथेच गेली. 'हवेशीर' हा शब्द ऐकला की सासूबाईंना अजून घाम फुटायचा.

मिस्त्री जुना माणूस. या घराचा पाया त्यानेच घातलेला, म्हणून सासूबाईंना तो वहिनी म्हणायचा. त्याने अंगणात फक्की मारायला घेतली तशा सासूबाई कंबरेवर हात ठेवून त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. गेटपासून कुंपणाच्या कडेने पांढऱ्या रेषांचा एक लांबलचक पट्टा वर घरापर्यंत येत होता.

"हे काय?"

"उतार, वहिनी. पायऱ्या अजिबात नकोत, सूनबाई म्हणाल्या. गेटपासून सरळ चालत वर यायचं. दोन्ही बाजूंना धरायला कठडा."

"धरायला कशाला?"

"ते मला कुठे सांगतात? पण बाकी काम मात्र फर्मास काढलंय." मिस्त्री रंगात आला. "दार एवढं रुंद, की खाटसुद्धा आडवी न करता जाईल. फरशी खरखरीत, पाय घसरायला नको. बसायचा बाक खुर्चीइतका उंच, पाठ टेकायला नि हात टेकायला जागा. छप्पर पुढे चांगलं झुकवायचं, म्हणजे दुपारनंतरचं ऊन तोंडावर येणार नाही. वर बांबूच्या चिकाचे पडदे, पंख्याला हूक, कोपऱ्यात हात धुवायला नळ. वहिनी, नुसती चैन आहे! एकदा माणूस बसला की उठायचा नाही."

उठायचा नाही! सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब जुळवला. कठडा धडधाकट माणसाला लागत नाही. खाट जाईल एवढं दार हवा खायला लागत नाही. म्हणजे आपल्यासाठी गॅलरी बांधली जातेय, आणि तीसुद्धा आपल्याच अंगणात, आपल्याच मिस्त्रीच्या हातून. रडू येण्याऐवजी त्यांना भयंकर राग आला. रागावर त्यांची हयात गेली होती, त्यामुळे तो त्यांना बरोबर वापरता येत असे.

वरांडा नको असं त्या म्हणाल्या नाहीत. नको म्हटलं की टपालाने समजूत घालत बसावं, त्यापेक्षा वरांडा होऊ द्यावा, पण तो असा व्हावा की त्यात कुत्रंसुद्धा दुपार काढणार नाही. सूनबाई दिवसभर हॉस्पिटलात असायची. दिवस सासूबाईंचा होता.

पहिल्यांदा त्यांनी उताराचा काटा काढला. त्या पट्ट्यावर त्यांनी पाण्याची टाकी मागितली, विटांची नाही, चांगली सिमेंट-काँक्रीटची. पाण्याची टाकी, तिला कोण नाही म्हणणार? टपालाने तर मान डोलावली, कारण आंघोळीच्या वेळी नळ जायचा तो त्याचाच. उताराच्या जागी गेटसमोर तीन पायऱ्या आल्या, उंच आणि अरुंद. कठडा म्हणजे धूळ साठायची सोय, म्हणून तो गेला. छप्पर झुकलं तर घरात अंधार होईल, म्हणून ते उचललं आणि पुढून तोडलं. पंख्याच्या हुकावर त्या म्हणाल्या, "वरांड्यात पंखा? मग वारा काय भाड्याने ठेवलाय?" पडदे दरिद्री दिसतात. पाणी साचू नये म्हणून फरशीला असा ढाळ दिला की ठेवलेला चेंडू थेट गेटाबाहेर जावा. बाकाच्या जागी वीतभर रुंदीचा कट्टा घातला. तेव्हा मात्र मिस्त्रीच्या हातातली थापी थांबली.

"वहिनी, यावर बसायचं कसं?"

"बसलं की उठावंसं वाटलं पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "आळशी माणसांसाठी नाही घर बांधलेलं."

टाकीचा खड्डा पाहिला त्या संध्याकाळी सूनबाई पर्ससकट अंगणात उभी राहिली.

"मिस्त्री, त्यांना विचारा, अख्ख्या अंगणात टाकीला हीच जागा सापडली? इथे उतार होता."

"मिस्त्री, तिला सांगा, उतार पिऊन तहान भागत नाही."

"त्यांना सांगा, मी विचार करून काढला होता तो!"

"तिला सांगा, तेच तर कळलंय मला."

मिस्त्री एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होता. सूनबाईने टपालाकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलंही होतं, पण टपाल चपलेचा पट्टा नीट करू लागला आणि तिने तोंड मिटलं. जाताना तिने टाकीसाठी रचलेल्या वाळूच्या ढिगाला अशी लाथ मारली की सासूबाईंच्या लुगड्यावर वाळू उडाली. सासूबाईंनी ती झटकली आणि त्या दिवशी त्यांना चहा फार गोड लागला.

वरांडा झाला. रंगाचा वास जायच्या आत एका सकाळी गेटापाशी रिक्षा थांबली. खाली उतरले ते एक वयस्कर मास्तर, हातात चार पायांचा वॉकर. गेट उघडून ते आत आले आणि पायऱ्यांसमोर येऊन थबकले. सासूबाईंनी खिडकीतून हाक दिली, "कोण हवंय?"

"डॉक्टरबाई इथेच राहतात ना?" मास्तर डावीकडे पाहत होते, उजवीकडे पाहत होते. "हॉस्पिटलात म्हणाल्या होत्या, घरी वरांडा बांधतेय, तिथेच या. पायरी एकही नाही म्हणाल्या, उतार आहे, कठडा धरून तुमचे तुम्ही चढाल. म्हटलं आज जाऊन बघून तरी यावं. मी चुकीच्या घरी आलो का?"

साप साप म्हणून आपण भुई धोपटली, एवढं सासूबाईंना त्या क्षणी लख्ख कळलं.

तोवर मास्तरांनी हिंमत करून वॉकर पहिल्या पायरीवर ठेवला होता. पायरी अरुंद, त्यावर वॉकरचे मागचे पाय मावेनात. धरायला काही नव्हतं. त्यांनी हवेतच हात मारला आणि ते मागे कलले. सूनबाई आतून धावत आली नसती तर डोकं गेटावर आपटलं असतं. तिने त्यांना दोन्ही हातांनी सावरलं, रिक्षात बसवलं, क्षमा मागितली. मग गेट लावून ती वळली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सासूबाईंशी तोंडावर बोलली.

"झालं समाधान?"

"मला काय माहीत तू कुणासाठी—"

"घरात लंगडे-पांगळे नकोत म्हणालात. म्हणून घराबाहेर बांधत होते. तुमच्या खोलीला हात लागू नये म्हणून! बोळ चढावर आहे, त्यामुळे तिकडचं दार जमिनीलगत येतं, एक पायरी नाही, तीच जागा सोयीची होती. हेच मला म्हणाले, आईची खोली नको, वरांडा काढू. तुम्हाला कळलं की मुळावर उठाल, म्हणून गप्प बसलो."

"मला वाटलं, माझी खाट टाकताय इथे," सासूबाई बोलून गेल्या.

सूनबाई हसली. त्या हसण्यात माया औषधालाही नव्हती. "तुमची खाट? तुमच्यासाठी असता तर मी इतका चांगला काढला असता का?"

मिस्त्रीला बोलावलं. त्याने टाकीवर थाप मारून पाहिली, अंगण पावलांनी मोजलं आणि मान हलवली. टाकी फोडायची तर तिला जोडून उभा केलेला वरांड्याचा खांबही उतरवावा लागेल, आणि एवढ्या चढाला उतार दुसरीकडून काढला तर तो रस्त्यात जाईल. "वहिनी, काम पक्कं झालंय," तो म्हणाला. एरवी ही स्तुती असते.

सूनबाईने राजीनामा तर आधीच दिला होता. त्या संध्याकाळी टपाल आईच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला. "आई, ही खोली तिला दे. नाहीतर आम्ही दोघं दुसरीकडे जागा बघतो."

"हा तिचा निरोप का?"

"नाही. माझा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा टपालाने स्वतःचं पत्र आणलं होतं. घर माझं आहे, चालते व्हा, हे शब्द सासूबाईंच्या जिभेवर तयार होते. त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर माणसंच माणसं होती, आणि मागे घरात मग कुणी नसतं. ओट्यावर दूध उतू गेलं तरी निरोप पाठवायला कुणी नसतं. आपण भीतीने हे सगळं केलं आणि भीतीच अंगणात पक्की बांधून घेतली, याची त्यांना लाज वाटली. लाज वाटली तरी मान खाली घालायची त्यांना सवय नव्हती.

"तिला सांग, घे म्हणावं," त्या म्हणाल्या.

कपाट हललं, बोळातलं दार उघडलं, आणि पुढच्या खोलीत गाद्या, दोऱ्या, चाकं आली. सासूबाईंची खाट मधल्या खोलीत गेली, जिथे खिडकी नव्हती. रस्ता बघायचा तर आता एकच जागा उरली होती. त्यांनी आपली लाकडी खुर्ची उचलली आणि वरांड्यात नेऊन ठेवली. खुर्ची ढाळावरून सरकली. त्यांनी ती मागे ओढली, बसल्या आणि टाचा फरशीत रोवून धरल्या.

दुपार कलली तसं तोडलेल्या छपराखालून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर आलं. पत्रा तापला. सूनबाई पदराने हात पुसत दारात आली.

"मिस्त्रींना सांगून पंख्याला हूक करून घेऊ?"

"काही नको. वारा येतो."

पान हलत नव्हतं.

"मग पडदे? ऊन लागतंय."

"मला थंडी वाजते हल्ली."

"बरं," सूनबाई म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं'मध्ये तिने मागची सगळी थकबाकी वसूल केली. सासूबाईंना ते कळलं, आणि आपण तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं, हेही कळलं.

थोड्या वेळाने तीन पायऱ्या धापा टाकत चढून एक बाई वर आली. तिच्या नवऱ्याला बोळातल्या दाराने आत नेलं होतं. ती कट्ट्यावर टेकली, लगेच उठली, पुन्हा टेकली आणि शेवटी खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"तुमचा नंबर कितवा?" तिने विचारलं.

"माझा नंबर नाही. मी घरचीच आहे."

"अगंबाई! मला वाटलं पेशंट." बाईने डोळ्यांवर हात आडवा धरून छपराकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग सासूबाईंच्या रोवलेल्या टाचांकडे. तिला खरोखरच वाईट वाटलं. "घरच्या माणसाला असं भर उन्हात कोणी बसवलं हो?"

आत सूनबाई कुणाला तरी सांगत होती, टेका, जोर द्या, अजून थोडा. तिचा आवाज एकदम थांबला. दार उघडंच होतं. एक नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीत झालं असतं.

खुर्ची पुन्हा सरकली. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी आवळून धरली.

"मीच," त्या म्हणाल्या.