आगमनकाळातलं लग्न

आमच्या वृद्धाश्रमाला साठ खाटांचा परवाना आहे. एकसष्टावी खाट टाकली की राज्याचा तपासनीस येऊन आमची सालटी काढतो, मग त्या खाटेवर कुणाची आजी असो की खुद्द बिशप. पण त्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वादळाने खालचा सगळा किनारा धुऊन नेला आणि गव्हर्नरने एका सहीत अर्धी नियमावली गुंडाळून ठेवली. जागा असेल तिथे माणसं घ्या, खाटा मोजू नका, कागद मागू नका. हुकूम तीस दिवसांचा होता. मी त्याला मत दिलेलं नव्हतं, तरी त्या दिवशी मला तो माणूस आवडला.

बसमधून एकोणीस म्हातारी माणसं उतरली. शेवटी उतरले ते ओविड व्हर्डिन, वय अठ्ठ्याऐंशी, सारा जन्म कोळंबीच्या बोटीवर गेलेला. त्यांच्या दंडाला धरून एल्मीर, चौऱ्याऐंशी, पायाला जखम चिघळलेली. प्रवेशाचे अर्ज भरायचं काम माझं. 'नातं' या रकान्यात मी न विचारताच 'पत्नी' लिहिलं. ती त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करत होती आणि ते तिला "सोड ना गं, मी काय बाळ आहे?" म्हणून खेकसत होते. आणखी काय विचारायचं?

त्यांना करमणुकीच्या खोलीत ठेवलं. पियानो कॉरिडॉरमध्ये ढकलला आणि दोन खाटा एकमेकींना लावून टाकल्या. सप्टेंबरात हुकूम आणखी तीस दिवस वाढला. मग ऑक्टोबरात, मग नोव्हेंबरात. बाकीच्यांना एकेक करून मुलं घेऊन गेली, कुणाचं छप्पर दुरुस्त झालं, दोघं वारले. डिसेंबर उजाडला तेव्हा ही दोघंच राहिली. त्यांचं घर खाडीत गेलं होतं, खांबसुद्धा उरले नव्हते. आमची एकूण संख्या एकसष्ट. हुकूम संपणार होता अठरा डिसेंबरला.

आमचे व्यवस्थापक टासँसाहेब घाबरट आहेत, पण वाईट नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "अर्लिन, कायद्यात एक कलम आहे. नवरा-बायकोची ताटातूट करायची नाही, त्यांच्यासाठी एक खाट जास्त चालते. फक्त लग्नाचा दाखला जोडून पाठव."

मी हसतच करमणुकीच्या खोलीत गेले. आमच्याकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. "मिस एल्मीर, लग्नाचा दाखला पुरात गेला असणार, हो ना? कुठल्या कोर्टातून नक्कल मागवू?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"सांग आता," ओविड म्हणाले. "मी त्रेपन्न वर्षं विचारतोय. मला तर अजून हो म्हटलेलं नाही हिने."

"तोंड आवर," एल्मीर म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बस पोरी. दाखला नाही. लग्नच नाही."

ओविडची पहिली बायको लिओनी लहान मुलाला घेऊन टेक्ससला निघून गेली होती. चर्चच्या लेखी ते लग्न मोडत नाही. एल्मीर त्यांच्या घरी राहायला आली आणि त्या दिवसापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली. सगळे कम्युनियनचा पवित्र प्रसाद घ्यायला पुढे जात; लग्नाविना राहणाऱ्यांना तो मिळत नाही, म्हणून ही गुडघ्यावर बसून राही. त्रेपन्न वर्षं. खाडीवर तिला सगळे मिसेस व्हर्डिनच म्हणत. फक्त ती स्वतः कधी म्हणाली नाही.

"पण लिओनी तर गेली ना?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली. तिच्या कबरीवरची माती वाळायच्या आत लग्नाला उभी राहिले असते, तर लोक म्हणाले असते, ही टपूनच बसली होती. मग याचं हृदयाचं दुखणं निघालं. मग वादळ."

मी टाळीच वाजवली. गव्हर्नरच्या हुकुमात जन्मदाखल्याची अटसुद्धा स्थगित होती. वादळातल्या माणसांना नुसत्या शपथेवर लग्नाचा परवाना मिळत होता. अठरा तारखेच्या आत कधीही! मी धावत जाऊन फादर थिएनना फोन लावला. ते दुसऱ्याच दिवशी आले. व्हिएतनाममध्ये जन्मलेले, चाळिशीचे, सतत घाईत.

"परवा करून टाकू," ते म्हणाले.

"परवा?" एल्मीरने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "फादर, आगमनकाळ चालू आहे."

नाताळाआधीचे ते चार आठवडे. आमच्याकडची जुनी माणसं त्या दिवसांत लग्न लावत नाहीत. वेदीवर जांभळं वस्त्र असतं, फुलं नसतात.

"आता तशी बंदी नाही, मिस एल्मीर," फादर म्हणाले.

"तुमच्यासाठी नसेल. तुम्ही अजून कोवळे आहात."

मी बाहेर येऊन फादरना म्हटलं, तुम्ही जरा दरडावा ना. त्यांनी मान हलवली. दरडावून हो म्हणायला लावलेलं लग्न मी लावत नाही, म्हणाले. मग मीच पुन्हा आत गेले आणि भांडले. कायदा काय सांगतो ते सांगितलं, एकसष्ट म्हणजे काय ते सांगितलं.

एल्मीरने माझा हात हातात घेतला. "पोरी, त्रेपन्न वर्षं मी चोरून राहिल्यासारखी राहिले. आता उजळ माथ्याने उभं राहायचंय. त्यात एवढीशीही खोट नको. नाताळ सरला की तीन राजांच्या सणाला करू, सहा जानेवारीला. वेदीवर फुलं असतील. याची बहीण येईल, माझ्या भाच्या येतील."

"आणि भांडी बडवायला पोरं," ओविड म्हणाले. "म्हाताऱ्यांचं लग्न आणि रात्रभर खिडकीखाली पातेली वाजली नाहीत, तर ते लग्न कसलं? गंबोचा रस्सा खायला घातल्याशिवाय हलायचे नाहीत मेले."

"पण हुकूम?" मी म्हणाले.

"तो वाढेल ना गं? तीनदा वाढला," एल्मीर म्हणाली.

इथे मी चुकले. मी म्हणायला हवं होतं, मला ठाऊक नाही. पण तिचा चेहरा इतका आशेने माझ्याकडे लागला होता की मी म्हणाले, "वाढेल. दर वेळी वाढवतो तो." मला खरंच तसं वाटत होतं, हे सांगून आता काय उपयोग?

हुकूम वाढला नाही. अठरा तारखेला सकाळी राजधानीतून एक ओळ आली: आणीबाणी संपली आहे, सर्व नियम पूर्ववत लागू. टासँसाहेबांनी दोन दिवस फोन केले, विनवण्या केल्या. पलीकडचा माणूस प्रत्येक वेळी अत्यंत नम्रपणे नाही म्हणत होता. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं मला.

कोणीतरी एकाने जायचं होतं. एल्मीरच्या पायावर इथल्या दवाखान्यात दर दोन दिवसांनी ड्रेसिंग होत होतं. ओविड म्हणाले, "मी जातो. माझं हृदय कुठेही बंद पडायला तयार आहे, त्याला हेच गाव लागतं असं नाही." एल्मीरने त्यांना चापट मारली आणि मग ती चापट मारलेली जागा बराच वेळ चोळत बसली.

जागा मिळाली ती उत्तरेला, गाडीने तीन तासांवर. त्या आश्रमासाठी बदलीचा अर्ज मीच भरला. पुन्हा तोच रकाना आला. आता कागद मागणारे नियम जागे झाले होते. खोटं निघालं असतं तर आमचा परवाना गेला असता. जवळचा नातेवाईक म्हणून टेक्ससच्या मुलाचं नाव घातलं, ज्याला त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि एल्मीर डार्डारपुढे मी लिहिलं, 'परिचित'.

नाताळ गेला. ती दोघं रोज दुपारी जेवणानंतर फोनवर बोलत. बोलत म्हणजे भांडत. तिकडची कॉफी म्हणजे बशी धुतलेलं पाणी, ही त्यांची तक्रार. सवयीने जास्त साखर घालत असशील, हा तिचा संशय. मी ओविडचा जन्मदाखला मिळवण्यासाठी राजधानीशी झगडत होते. ते बोटीवर जन्मलेले, नोंद भलत्याच गावी. एकोणतीस डिसेंबरला तो कागद हातात पडला. लिओनीचा मृत्यूचा दाखलाही टेक्ससहून आला. ओविडना आणायला सहा तारखेची व्हॅन ठरली, फादर ठरले, एल्मीरच्या भाचीने निळा झगा धाडला. मी नववर्षाच्या सुट्टीवर गेले ती हलक्या मनाने.

पाच जानेवारीला सकाळी कामावर आले, तर एल्मीर माझ्या टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बसलेली.

"तीन दिवस झाले, फोनवर येत नाही तो. तिकडची मुलगी म्हणते, माहिती देता येत नाही. मी म्हटलं, अगं मी एल्मीर. ती म्हणते, तुम्ही नातेवाइकांच्या यादीत नाही. कसली यादी गं?"

मी तिच्यासमोरच फोन लावला. मलाही तेच उत्तर मिळालं. टासँसाहेबांनी आपल्या खोलीत जाऊन तिथल्या व्यवस्थापकाला फोन केला. दार बंद होतं. उघडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

ओविड दोन तारखेला पहाटे झोपेतच गेले होते. नियमाप्रमाणे मुलाला कळवलं. तो तीन तारखेला आला, सभ्यपणे वागला, सगळ्या सह्या केल्या आणि त्यांना टेक्ससला घेऊन गेला. माती आदल्याच दिवशी झाली होती.

मी खाली बसले, तिच्या खुर्चीशेजारी फरशीवर, आणि सांगितलं. ती रडली नाही. हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिली.

"कुठे ठेवलंय त्याला?"

"पोर्ट आर्थरला."

"लिओनीजवळ?"

मी मान डोलावली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तीच त्याची बायको." मग विचारलं, "त्या यादीत माझं नाव नव्हतं का गं? मुळीच?"

खोटं बोलता आलं असतं. तिकडच्या मुलीवर ढकलता आलं असतं. "अर्जावर नाव होतं," मी म्हणाले. "नातं मी लिहिलं होतं. परिचित."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता की मला हुंदका आवरेना.

"तू काय करणार, पोरी? खोटं कसं लिहिशील?" ती म्हणाली. "तो हो म्हण म्हणत होता. मीच फुलांसाठी थांबले."

मग तिने मला खोलीत न्यायला सांगितलं. मी खुर्ची ढकलत नेली. कॉरिडॉरमधल्या पियानोपाशी ती म्हणाली, व्हॅनवाल्याला आत्ताच फोन कर, बिचारा उद्या पहाटे उगाच उठेल.