कवड्या बावन्न, मण्यार पंचेचाळीस

मित्रांनो, मी एक जुनी काळी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे, लॅपटॉपमधली. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, एवढंच माझं रूप. लोहा गावची मनिषा व्हिडिओ बघून बघून कोडिंग शिकली, तेव्हापासून मी तिच्यासोबत आहे. तिची आई सरजाबाई मला पाहून म्हणायची, "बिघडलंय का गं ते? नुसतं काळंच दिसून राहिलं."

मनिषाचा भाऊ संघपाल सर्पमित्र आहे. आसपास कुठंही साप निघाला की फोन त्यालाच. त्याने सात वर्षं पकडलेल्या सापांचे फोटो मनिषाने संगणकातल्या एका मॉडेलला दाखवले आणि फोटोवरून सापाचं नाव ओळखायला शिकवलं. मॉडेलला तोंड नाही. त्याचं म्हणणं माझ्यावर उमटायचं: तीन नावं, आणि प्रत्येकापुढे खात्रीचे टक्के.

लोक संघपालला फोटो पाठवायचे, तो मनिषाला. मग ती माझ्यावरच्या तिन्ही ओळी त्याला फोनवर वाचून दाखवी. संघपालचा नियम साधा होता. "तिघांत एक जरी विषारी असला, तर तोच हाय असं समजायचं." मनिषा माझ्याकडे टक लावून बघायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग ती आली. साइट.

दोन महिने मनिषा तिला घडवत होती, आणि तेही माझ्याच अंगावर आज्ञा लिहून. सवतीचं बाळंतपण माझ्याच अंगणात झालं म्हणा ना! काय तिचा थाट! 'फोटो टाका' असं गोल बटण. खाली मोठ्या अक्षरांत एकच नाव. बिनविषारी असेल तर हिरवं, विषारी असेल तर लाल. टक्के मनिषाने काढून टाकले. म्हणाली, "लोक आकड्यांत गोंधळतात, आई."

"हे बघ कसं गोजिरवाणं झालं," सरजाबाई म्हणाली आणि साइटवरून बोट फिरवलं. माझ्यावरून कधी फिरवलं नव्हतं.

मला पडद्याच्या तळाशी दुमडून ठेवलं. गंमत अशी, की साइटवरचा प्रत्येक फोटो अजून माझ्यातूनच जायचा. तीन नावं, तीन आकडे, मी मुकाट्याने छापत राहायचे. वाचणारं कुणी नव्हतं. उत्तर माझ्याकडचं आणि कौतुक तिचं. जळले मी, मित्रांनो. हिचं एकदा तरी चुकावं, एवढंच मागत होते.

एका दुपारी अंगणवाडीच्या मदतनीस चतुराबाईंनी साइटवर फोटो टाकला. पोरांच्या खिचडीच्या तांदळाच्या पोत्यात साप! फोटोत फक्त मधलं अंग होतं. डोकं आणि शेपूट पोत्यात. माझ्यावर उमटलं: कवड्या बावन्न, मण्यार पंचेचाळीस, धामण तीन. साइटने हिरव्या अक्षरांत ऐटीत सांगितलं: 'कवड्या. बिनविषारी.'

संघपाल घरीच जेवत होता. चतुराबाईंचा फोन आला.

"लेकरा, तू नको येऊ उन्हाचं. तुझ्या बहिणीच्या साइटनं सांगितलंय, गरीब साप हाय. मीच हातानं काढून टाकते."

संघपालचा घास हातातच राहिला. कवड्या आणि मण्यार दिसायला सारखे. पण मण्यार चावला तर माणूस हाती लागत नाही.

"मावशी, थांबा! मनिषा, किती टक्के हाय?"

"साइटवर टक्के कुठंयत, दादा?"

"मग तुझं ते काळं काढ की!"

मनिषाने मला वर ओढलं. किती दिवसांनी! तिने मधली ओळ वाचली आणि तिचा चेहराच उतरला. "पंचेचाळीस मण्यार, दादा."

"मावशी, हात लावू नका! पोरं घेऊन भाहीर व्हा!"

"हाव रे, झाले बघ," चतुराबाई म्हणाल्या. "हात पोत्यातच घालून राहिले होते की मी."

संघपाल गाडी काढून गेला. मनिषा माझ्यासमोर बसून राहिली, नखं खात. आणि मी? चतुराबाई वाचल्या, हे मला कळलं होतं. तरी मी मनात घोकत होते: मण्यारच निघू दे.

अर्ध्या तासाने फोन आला. "कवड्याच हाय गं. सोडला नाल्याकडं."

साइटचं बरोबर होतं! मला वाटलं, आता मला कायमचं मिटवणार. पण मनिषा म्हणाली, "बरोबर निघालं ते नशिबानं, दादा." संध्याकाळपर्यंत तिने साइट बदलली. आता तिन्ही नावं टक्क्यांसह तिथंच दिसतात, आणि एक जरी विषारी असलं तर पूर्ण पान लाल होतं: 'दूर व्हा. संघपालला फोन करा.' माझ्यापाशी माझं असं होतं तेवढंही तिच्याकडे गेलं. चतुराबाईंसारख्यांना ते दिसतं, हे बरंच झालं. तरी थोडी जळते मी अजून.

मित्रांनो, साप दिसला तर हात लावू नका. कुणी ठासून उत्तर दिलं, तर खात्री किती हे विचारा. आणि दुसऱ्याचं चुकावं म्हणून वाट बघत बसू नका. पोरांच्या तांदळात बिनविषारी साप निघाला, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. ती ओळ मी मनिषालासुद्धा छापून दाखवलेली नाही.