रॅमची पट्टी

चाकणच्या एका कंपनीत फिटर असलेल्या बुद्धरत्नची उजव्या हाताची तीन बोटं प्रेस मशीनखाली गेली, तेव्हापासून तो घरीच होता. मुलीचा, साक्षीचा जुना लॅपटॉप सारखा अडकायचा, म्हणून त्याने डांगे चौकातून नवी रॅम आणली.

"दुकानात कशाला द्यायचा? मी बसवतो," तो म्हणाला.

अंगठा आणि करंगळीत धरलेली पट्टी सारखी निसटत होती. डाव्या हाताला ते बारीक काम जमेना. साक्षीने हात पुढे केला, तसा तो खेकसला, "थांब ना जरा!"

पट्टी पुन्हा खाली पडली. त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

साक्षीने पट्टी दाबून बसवली. लॅपटॉप झटकन सुरू झाला.

"पप्पा, बघा ना!"

"झाकणाचे स्क्रूही तूच लाव," म्हणत तो उठून आत गेला.