एकशे तीसच्या आत

बायको गेल्यावर घर खायला उठायचं. म्हणून मी पहाटे धावायला लागलो. आधी पाच किलोमीटर, मग वीस, मग दर रविवारी चाळीस. दमलो की झोप लागायची, आणि झोपेत तरी ती गेलेली नसायची.

वर्षभराने एका रविवारी छातीत ठोके वेडेवाकडे पडायला लागले. भिंत धरून उभा राहिलो. मुलीने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हृदयाचा उजवा कप्पा फुगलाय," बाई म्हणाल्या. "इतका वेळ इतकं ताणलंत, विश्रांती दिलीच नाहीत. असंच चाललं तर आतून वण पडतील, आणि ते जात नाहीत. तीन महिने धावणं बंद. नंतर हळूहळू, ठोके मिनिटाला एकशे तीसच्या आत."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मग कायमचे घरी बसाल."

घरी बसण्याचीच तर मला भीती होती. तीन महिने मुकाट चाललो. मग मुलीने घड्याळ आणून दिलं. ठोके एकशे तीसच्या वर गेले की ते ओरडायचं. प्रत्येक चढावर ओरडायचं. आठ दिवसांत वैतागून मी त्याचा आवाज बंद केला.

संध्याकाळी चार्जिंगला लावताना मुलीच्या ते लक्षात आलं.

"बाबा, तुमच्या बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला कुणी तार बांधली तर?"

कापड रंगवायच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळतोय; तो व्हॉल्व्ह बांधला की जादा वाफ कोंडून बॉयलर फुटतो. "उभं करणार नाही दारात," मी म्हटलं.

तिने उठून दार सताड उघडलं. "मग निघा."

मी हसलो. ती हसली नाही. "आईच्या वेळी आपल्या हातात काही नव्हतं, बाबा. हे आहे."

मी तिच्यासमोर आवाज सुरू केला. तेव्हा कुठे तिने दार लावलं.

सहा महिन्यांनी बाईंनी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला परवानगी दिली, त्याच अटीवर. चौदाव्या किलोमीटरला मोठा चढ लागला. घड्याळ ओरडलं. पाय म्हणत होते पळ. मी चालायला लागलो. मागून माझा मेहुणा आला, लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत.

"भाऊजी, वरात निघालीय का? घोडा आणू?"

"आधी स्वतःसाठी खाट आण, शहाण्या!"

तो पुढे गेला. मग एक आजीबाई पुढे गेल्या, त्यांच्या मागून वेताची टोपी घातलेला एक जाडा माणूस. जीव तळमळत होता, पण चढ संपेपर्यंत मी एक पाऊल पळालो नाही. पोहोचलो तेव्हा शर्यत संपते तिथली कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. शेवटून चौथा आलो. चढावर घड्याळ ओरडलं तेवढंच, त्यानंतर एकदाही नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा तपासलं. हृदयाचं जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं.

"कप्पा मूळ मापावर आलाय. ठोके नियमित. वण कुठेच नाही."

"नक्की?" मुलीने विचारलं. मग पुन्हा, "नक्की ना?"

"नक्की. धावू दे त्यांना. पण असंच."

मुलीने रिपोर्ट हातात घेतला आणि जिना उतरता उतरता खणखणीत आवाजात वाचायला लागली, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. खालच्या मजल्यावरची माणसं माना वर करून बघायला लागली.

"पुन्हा वाच," मी म्हटलं.