रेडिओकाकूंचं मौन

बाजारपेठेत पडद्याच्या कापडाची दुकानं बरीच होती, पण गर्दी व्हायची ती रेडिओकाकूंच्या दुकानात. निम्मे लोक कापड घ्यायला यायचे आणि उरलेले नुसतं ऐकायला. बाई एकदा सुरू झाल्या की गिऱ्हाइकाची काय बिशाद मध्ये तोंड घालायची! खिडकीचं माप घेऊन आलेला माणूस मेहुण्याच्या पोटदुखीवरचा उपाय ऐकून, सोफ्याच्या खोळींची ऑर्डर देऊनच बाहेर पडायचा. नवरा गेल्यावर काकूंनी दुकान चालवलं ते या जिभेच्या जोरावर, आणि झोकात चालवलं.

त्यांची एकुलती एक लेक दुकानातच असायची. कापडाला नुसता हात लावून सूत ओळखणारी, डोळ्यांनी माप घेणारी पोर. पण बोलताना अडखळायची. पहिलं अक्षरच ओठांशी अडून बसायचं. लेक अडली रे अडली की काकू तिचं वाक्य झटकन पुरं करून मोकळ्या व्हायच्या. मायेनेच हो! पोरीचे हाल त्यांना बघवायचे नाहीत. पण झालं असं, की लेकीने हळूहळू वाक्यं सुरू करणंच सोडून दिलं.

काकूंच्या धाकट्या दिरांना तेच हवं होतं. दुकानात त्यांचाही वाटा होता, आणि त्यांचा मुलगा घरी बसून पंख्याची पाती मोजत होता. "वहिनी, तुमच्यानंतर गल्ल्यावर कोण बसणार? ही?" ते म्हणायचे. "गिऱ्हाईक काय हिचं तोंड बघत उभं राहणार आहे? माझ्या मुलाला बसवू या." काकू वरवर फणकारायच्या, पण आतून त्यांनाही तेच वाटायला लागलं होतं. आणि आपल्याला तसं वाटतं, याचीच त्यांना जास्त लाज वाटायची.

अशातच ती भानगड झाली. गावात साध्वीजी मुक्कामाला होत्या आणि जैन स्थानकात रोज सकाळी त्यांचं प्रवचन असे. त्या दिवशी विषय होता वचनगुप्ती, म्हणजे वाणीवरचा ताबा. तोंडावरच्या पांढऱ्या मुहपत्तीआडून साध्वीजी शांतपणे सांगत होत्या, की महावीरांनी साधनेची बारा वर्षं बहुतेक मौनातच काढली. हिंसा काही फक्त हाताने होत नाही, शब्दानेही होते. काकू हे सगळं शेजारणीला समजावून सांगत होत्या, साध्वीजींपेक्षा जरा मोठ्यानेच. तेवढ्यात मागून धाकट्या जाऊबाईंचा आवाज आला.

"महाराज, आमच्या जाऊबाईंना एक दिवसाचं मौन द्या ना. तेवढाच बाजारपेठेला आराम!"

अख्खं स्थानक खदखदून हसलं. झालं! काकूंचं डोकंच फिरलं. त्या ताडकन उठल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "द्या महाराज. उद्याचं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. बोलणार नाही, लिहिणार नाही, खूणसुद्धा करणार नाही!"

साध्वीजींनी एकवार विचारलं, "विचार केलाय ना?" काकूंनी जोरजोरात मान हलवली. साध्वीजींनी मौनाचं पच्चक्खाण दिलं. एकदा गुरूंच्या तोंडून नियम घेतला की घेतला. त्यात नंतर खाडाखोड चालत नाही.

चपला घालता घालता काकूंना आठवलं. उद्या नव्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई यायच्या होत्या! सगळ्या वॉर्डांचे, सगळ्या खाटांभोवतीचे पडदे. एवढी मोठी ऑर्डर दुकानाने जन्मात पाहिली नव्हती. बाईंना दुसरा दिवस मोकळा नव्हता, काकूंनी फोनवर कितीही गयावया केली तरी.

"आई, मी… मी बो…"

"बोलशील, ठाऊक आहे गं," काकूंनी सवयीने तिचं वाक्य संपवलं, आणि लगेच दिरांना फोन लावला.

दीर खूश झाले. "येतो की! मी बोलतो मेट्रनबाईंशी. पण एक सांगतो वहिनी, उद्याच्या उद्या गल्ल्याचंही ठरवून टाकायचं." काकू 'बरं' म्हणाल्या. ते 'बरं' ऐकून लेक निमूटपणे ताके लावायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात तोंड मिटून बसल्या, तर शेजारचा चष्मेवाला घाबरून तब्येत विचारून गेला. उत्तरादाखल काकूंना साधी मानही हलवता येईना! पोटात शब्द नुसते धक्काबुक्की करत होते.

मेट्रनबाई आल्या त्या उंच, करड्या चेहऱ्याच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. दिरांनी तोंडाचा पट्टा सोडला. कापड असं, रंग तसा, शिलाई एक नंबर. काकू मनातल्या मनात कपाळ बडवत होत्या, कारण दीर सुती ताक्यावर हात ठेवून त्याला मिश्र सूत म्हणत होते. भांड्यांच्या दुकानात जन्म गेलेला माणूस, त्याला काय कळणार!

मेट्रनबाईंनी कापड बोटांत चोळलं. "आमचे पडदे उकळत्या पाण्यात धुतात. हे आटेल का?"

"छे! अजिबात नाही!" दीर म्हणाले.

खोटं कशाला बोलू, काकूंच्याही घशात हेच उत्तर तयार होतं. आजवर हजारदा दिलेलं.

"आ… आ…" लेक पुढे झाली. मान ताठ, ओठ थरथरत होते. "आ…"

"आटणारच नाही, असं म्हणतेय ती," दीर हसले.

लेकीचा चेहरा लाल झाला. तिने आईकडे पाहिलंही नाही. काकूंनी गादीची कड घट्ट धरली. बोल गं बाळ, बोल! पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं, की या पोरीचं वाक्य कुठे जाऊन संपतं हे आपण कधी थांबून ऐकलेलंच नाही. तिला जे म्हणायचं असायचं ते आपण पुरं केलेलंच असायचं की दुसरंच काही, देव जाणे.

"काका, थांबा," लेक म्हणाली. "माझं बोलणं… संपलेलं नाही."

 मेट्रनबाई खुर्ची ओढून बसल्या. मला घाई नाही, असंच जणू त्यांचं बसणं सांगत होतं.

"आटेल," लेक म्हणाली. "पहिल्या धु… धुण्यात बोटभर आटेल. मी घरी उ… उकळून पाहिलंय. म्हणून आम्ही आधी ताका धुऊन घेऊ, मग बे… बेतू. नंतर आटणार नाही. वरती हवेसाठी जाळी लावू. आणि खालची कड फरशीपासून वीतभर वर ठेवू, पु… पुसणाऱ्या बाईचा ओला फडका लागायला नको."

एवढं सगळं! सलग! दिरांनी ताक्यावरचा हात काढून घेतला.

मेट्रनबाईंच्या करड्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू फुटलं. "मागच्या दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं आटणार नाही म्हणून. दोन धुण्यांत पडद्यांचे फ्रॉक झाले! खरं बोलणारं माणूस तुम्ही पहिलंच भेटलात. सगळे वॉर्ड तुम्हीच करा. आणि अडलं काही तर मी तुमच्याशीच बोलेन, दुसऱ्या कुणाशी नाही."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रडायला नियमाची आडकाठी नव्हती.

संध्याकाळी जाऊबाई डबे घेऊन दुकानातच आल्या, आणि रिवाजाप्रमाणे उजेड असेपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकली. सूर्य मावळला तशी काकूंनी तीनदा नवकार मंत्र म्हणून मौन सोडलं. तोंड उघडायची मुभा मिळाली ती नेमकी खायची मुभा संपल्यावर, यावर जाऊबाई पोट धरून हसल्या. दीर मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"ऑर्डर मिळाली, कबूल," ते म्हणाले. "पण एक दिवस निभावलं म्हणजे रोज निभावेल असं नाही. वहिनी, शब्द दिलाय तुम्ही. गल्ल्यावर कोण बसणार, सांगून टाका."

काकू बोलणार, तोच लेक उभी राहिली. "दु… दु…" अक्षर अडलं ते अडलंच. तिने मुठी आवळल्या. "दु…"

सगळ्यांच्या नजरा सवयीने काकूंकडे वळल्या.

"अहो जाऊबाई, सुटलं ना मौन?" धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. "सांगा की तिला काय म्हणायचंय ते!"

काकूंना सांगता आलं असतं. अख्खं वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. नियम संपला होता, गुरूंचं बंधन नव्हतं. काकूंनी ओठ मिटले आणि लेकीकडे बघत बसून राहिल्या. दीर चुळबुळले. जाऊबाईंनी उसासा सोडला. काकू हलल्या नाहीत.

"दुकान मी चालवणार," लेक म्हणाली. मग श्वास घेऊन, मोठ्याने म्हणाली, "आणि काका, दादाला यायचं असेल तर खुशाल यावं. ता… ताके उचलायला माणूस लागतोच."

हे दुसरं वाक्य काकूंच्या जिभेवर नव्हतं बरं का! ते त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या अशा खदाखदा हसल्या की जाऊबाईही हसायला लागल्या, आणि शेवटी दीरसुद्धा.

"ऐकलंत ना भावजी?" काकू ओरडल्या. "मालकीणबाई बोलल्यात!"

दिवसभर कोंडलेला आवाज होता तो. चष्मेवाला तसाच दुकान टाकून काय झालं ते बघायला धावत आला.