बुरुलची कानातली

बुरुल गेल्याचं मला दुपारी साडेतीनला कळलं. मी चौकीत एका चोरीला गेलेल्या घोडीबद्दल जबाब लिहून घेत होतो. शेजारीण बातमाचा फोन आला. "दादा, घरी या. वहिनी उठत नाहीयेत." जबाब अर्धाच राहिला.

ती पलंगावर होती. चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली. तिचं हृदय आधीपासून नाजूक होतं. डॉक्टर म्हणाले, खात्री करायची तर शवविच्छेदनासाठी शहरात न्यावं लागेल. मी तपास अधिकारी आहे. चोवीस वर्षांत कितीतरी नवऱ्यांना मी सांगितलंय, होऊ द्या, सत्य कळेल. त्या दिवशी मी नको म्हणून सही केली. आमच्यात आपल्या माणसाला टाके घातलेल्या अंगाने मातीत ठेवणं कुणाला बघवत नाही.

अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा केला. आत तिच्याजवळ बायका रडत होत्या. पुरुषांनी बाहेर काठीवर ओणवं होऊन मोठ्याने रडायचं असतं. मी कमरेला पट्टा बांधून काठी धरून उभा राहिलो, पण आवाज निघाला नाही. घरात गेलो तेव्हा एवढंच लक्षात आलं, की शेगडी छान पेटतेय, धूर कोंडत नाही. म्हणजे धुराची नळी साफ करणारा तिलेक सकाळी येऊन गेला होता. मीच त्याला यायला सांगितलं होतं.

मेलेल्या बाईला आंघोळ घालून धुणाऱ्या बायकांना तिचे कपडे द्यायचा रिवाज आहे. ते बातमाने दिले. काही दिवसांनी मी बुरुलची पेटी उघडली. चांदीची कानातली नव्हती. तिच्या आईची होती ती, रोज घालायची. वाटलं, कपड्यांबरोबर गेली असतील. त्या बायकांना विचारणं शोभलं नसतं. मी पेटी बंद केली.

तीन आठवड्यांनी खालच्या गल्लीतली आयिमकान गेली. एकटी राहायची, दमेकरी होती. कुणाला काही वाटलं नाही. मग तशीच एकटी राहणारी नुर्कान गेली. तिची मुलगी रशियाहून आली, आईचे रिकामे कान बघितले आणि धुणाऱ्या बायकांवर तुटून पडली. त्यांतली थोरली सायराआजी तडक चौकीत आली.

"लिहून घ्या, मी चोर नाही!" ती दारातूनच ओरडली.

माझा सहकारी मेलिस म्हणाला, "आजी, चोर स्वतःच्या पायाने येत नाहीत. बसा."

"तू गप रे. तुझ्या आजोबाला मीच शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवून दिलंय. तोही असाच नको तिथे बोलायचा." ती माझ्याकडे वळली. "आम्ही कपडे घेतो. दागिन्याला हात लावत नाही. नुर्कानच्या कानात काही नव्हतंच. आयिमकानच्याही नव्हतं. आणि त्याआधी..."

ती आता खुर्चीवर बसली.

"बोला," मी म्हणालो.

"तुझ्या घरीही नव्हतं, बाळा. मला वाटलं तू काढून ठेवलंस. आठवण म्हणून."

"मला वाटलं तुम्हाला दिलं."

मेलिसने पेन खाली ठेवलं. त्याने विचारलं, "आजी, धुताना आणखी काही दिसलं?"

"दिसलेलं सांगायचं नसतं. मेलेल्याचं झाकायचं असतं. माझ्या आईने मला हेच आधी शिकवलं."

"नुर्कान अजून मातीत गेलेली नाही," मी म्हणालो. "तिच्यापुरतं सांगा."

सायराआजीने बोटाने स्वतःचा खालचा ओठ ओढून आतली बाजू दाखवली. "इथे. फाटलेलं. कुणी तोंड दातांवर दाबून धरल्यासारखं." ओठ सोडून ती हळू म्हणाली, "तिघींचंही."

नुर्कानच्या मुलीने शवविच्छेदनाला होकार दिला. उशीने श्वास कोंडून मारलं होतं. त्या आठवड्यात शेगडीची नळी साफ करायला तिच्याकडे तिलेक गेला होता. आयिमकानकडेही गेला होता. बाजारातल्या चांदीवाल्याकडे कानातल्यांच्या दोन जोड्या सापडल्या, बुरुलची त्यांत नव्हती. तिलेकने दोन खून कबूल केले.

माझी बायकोही त्या तिघींत असल्याने मला चौकशीला आत बसता येत नव्हतं. मेलिस बाहेर आला.

"दादा, वहिनींचं तो नाकारतोय."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, नळी साफ केली आणि निघालो. बाईंनी चहा दिला, सोबत पाव आणि जर्दाळूचा मुरांबा दिला."

मुरांबा तिने आदल्याच दिवशी केला होता. अजून तीन बरण्या आहेत.

तिच्या खुनाचं कलम लावायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा मातीत आहे. मेलिसने कबर उघडण्याच्या संमतीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तर वरून हुकूम आणता येतो. पण मी आणणार नाही. तुम्हीच ठरवा."

बुरुलच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. सायराआजी आली होती. तिने बुरुलचा निळा कोट घातला होता. पहिला बर्फ पडला. आता जमीन एप्रिलपर्यंत दगडासारखी राहील.

कागद माझ्या खणात आहे, त्या घोडीच्या अर्ध्या जबाबाखाली. तिलेकवर दोन खुनांचा खटला सुरू झालाय. बुरुलचं नाव त्यात नाही. मी अजून सही केलेली नाही.