गव्हाणीतल्या चिंध्या

ताईने जन्मभर गल्लीचे कपडे शिवले आणि नजर अधू झाल्यावर गल्लीला काहीतरी देत राहण्याचा हट्ट मागच्या अंगणात पेरला. लावायचं काय, तर ज्याचं नाव ऐकून लोकांच्या कपाळाला आठ्या पडतील तेच. जांभळा नवलकोल, केल नावाची कुरळ्या पानांची परदेशी भाजी. पिकेल ते ती घरोघर वाटायची. धाकट्या भावाला मात्र तिथे गाडी लावायची होती.

"लोक तोंडदेखलं घेतात, ताई," तो म्हणाला. "हे आवडीनं खाणारं एक घर दाखव. नाहीतर मी सिमेंट ओतणार."

"एक कशाला, दहा दाखवते. नाही दाखवलं तर खुशाल ओत."

ही काही पोकळ फुशारकी नव्हती. ती प्रत्येक घरासाठी वेगळी जुडी बांधायची, तीही त्या घराच्या शिवणातून उरलेल्या चिंधीने. डॉक्टरीणबाईंना निळ्या ठिपक्यांची, मास्तरांना राखाडी पट्ट्यांची. "काय चव होती हो," असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या होत्या. मास्तरांची मुलं तर म्हणे बोटं चाटत राहिली.

घरचा उरलासुरला पाला ती गल्लीच्या टोकाच्या शेळीवालीच्या दारात टाकून यायची. त्या दिवशी दारात ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती थेट गोठ्यात शिरली. गव्हाणीत तिच्याच जुड्या पडल्या होत्या. निळे ठिपके, राखाडी पट्टे, सगळी गल्ली. एकीचीही गाठ सुटलेली नव्हती.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको होतं तर नको म्हणायचं, त्यात लाजायचं काय? पण गाठही न सोडता चवीचं कौतुक? यांच्यापेक्षा शेळी बरी, नाही आवडलं तर सरळ तोंड फिरवते. आणि आता भावाला कुठलं घर दाखवायचं? दिलेला शब्द आठवून ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

शेळीवाली आतून आली आणि तिने जीभ चावली. "ताई, लोक सकाळी आणून टाकतात. तुम्हाला सांगू नको म्हणतात."

"आणि तू नाही सांगितलंस."

"माझंही चुकलंच. पाला शेळ्यांना घालते, पण गड्डे आधी काढून घेते. पोरांना फार आवडतात. आजचे निवडायचे राहिलेत."

आत चुलीवर पातेलं रटरटत होतं. ताईने आत जाऊन झाकण काढलं. फोडी तिच्याच नवलकोलाच्या होत्या.

"शेळ्यांच्या तोंडचं काढून खातेस? माझ्याकडे मागायला काय झालं होतं?" ताईचा आवाज चढला.

"मागणार कशी? तुम्ही सगळ्यांना जुड्या दिल्यात. आमच्या दारात पालाच टाकलात."

एवढा वेळ गल्लीवर उगारलेलं बोट आपल्याकडेच वळल्यासारखं तिला झालं, आणि त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी तिने भावाला शेळीवालीच्या ओसरीवर नेऊन उभं केलं. पोरं ताटं पुसून खात होती. "एक घर मिळालं खरं," म्हणत भाऊ परत फिरला आणि त्याने सिमेंटचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग ताईने गव्हाणीतल्या चिंध्या धुतल्या, इस्त्री केल्या आणि ज्याची त्याच्या दाराच्या कडीला भाजीविना नुसतीच बांधून आली. शेळीवालीचे कपडे तिने कधी शिवलेच नव्हते. म्हणून तिच्या जुडीला तिने आपल्या ओढणीची कड फाडून बांधली.